शुद्ध कलेची भीती

नाही, पण मला एक सांगा, चित्र बघून माणसानं म्हणायचं तरी काय असतं? जेवण असलं तर ‘वा, मीठ बरोबर पडलंय’ म्हणता येतं. गाणं असलं तर मान हलवता येते, आणि मान हलवायला काही कळावं लागत नाही, शेजारचा हलवतो तेव्हा आपण हलवायची की झालं! पण चित्र? चित्रापुढं तुम्ही एकटे! भिंतीवर ते, समोर तुम्ही, शेजारी ज्यांनी ते काढलं त्या बाई, आणि बाईंच्या मागे हाताची घडी घालून त्यांचे यजमान, आणि ते यजमान म्हणजे कारखान्यातले तुमचे साहेब, आणि त्या साहेबांच्या हातात तुमचं प्रोबेशन! अशा वेळी बाई विचारतात, “मग? काय वाटतं?”

काय वाटतं म्हणजे? भीती वाटते! दुसरं काय वाटणार?

आता मी पद्माकर खांबेटे मुळातच जरा जपून वागणारा माणूस. आमची कल्पना याला घाबरट म्हणते, पण ती बायको आहे, तिला मोकळीक आहे. मिरजेहून बंगळूरला आलो, सरकारी कारखान्यात असिस्टंट इंजिनियर म्हणून लागलो, तेव्हा पहिल्या दिवशी मी टेलिफोनला घाबरलो, दुसऱ्या दिवशी कँटीनच्या रसमला घाबरलो, मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते. पण चित्राची? तुम्हाला सांगतो, नाही होत!

झालं काय, आम्ही जयनगरात घर घेतलं. भाड्यानं हो! विकत घ्यायला माझी कुठली एवढी ऐपत! तेव्हा जयनगर म्हणजे काय, जिकडे बघावं तिकडे विटांचे ढीग, वाळू, चुना, आणि अर्ध्या उभ्या राहिलेल्या भिंती. आमच्या मालकीणबाई गोदूबाई. तीनशे वर्षांपूर्वी यांचे पूर्वज इकडे आले ते इथलेच झाले, त्यामुळे मराठी अशी बोलतात की पहिले काही महिने मी नुसता हसून मान डोलवायचो. “पद्माकरण्णा, स्वल्प ताक घे की. लाजायलास कशाला?” असं. मायाळू बाई, पण आवाज असा की रस्त्याच्या त्या टोकाला ताकाची चव कळावी. त्या मागच्या खोल्यांत, आम्ही पुढच्या, आणि आमच्या डोक्यावर त्यांचा मुलगा भीमसेन माडी बांधून घेत होता.

तर नव्या घरी साहेबांना चहाला बोलवायला हवं, हे कल्पनाचं म्हणणं. मी म्हटलं नको. ती म्हणाली, “सगळे बोलावतात.” मी म्हटलं म्हणूनच नको. आले! सरपोतदारसाहेब आले, बरोबर वसुमतीबाई. साहेब म्हणजे अबोल माणूस. बसले, कांदेपोहे खाल्ले, संपलं. पण बाई! बाई मुंबईला रीतसर चित्रकला शिकलेल्या, खादी सिल्कची साडी, कपाळावर ही एवढी टिकली, आणि त्या बसल्याच नाहीत! हात मागे बांधून आमच्या खोलीत फिरायला लागल्या, आणि मी त्यांच्या मागे बशी घेऊन.

भिंतीवर लक्ष्मीचं कॅलेंडर होतं. बाई थांबल्या. “ही छपाई,” म्हणाल्या.

मी म्हटलं, “हो, शिवकाशीची.”

पुढं कल्पनाच्या हातची उशी, त्यावर दोऱ्याचे दोन पोपट. लग्नाआधी दोन महिने डोळे फोडून भरलेले पोपट हो! बाई म्हणाल्या, “ही हस्तकला.” कल्पना खूश. बाई म्हणाल्या, “म्हणजे कला नव्हे.” कल्पना स्वयंपाकघरात! मग आमच्या लग्नाचा फोटो. “हे यंत्राचं काम.” दारातली रांगोळी, “ही लोककला.” तांब्याची घागर, “ही उपयोजित.” मी म्हटलं, “हो, पाणी चांगलं गार राहतं,” तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की... सोडा.

आता मी गप्प बसायचं की नाही? पण भीती वाटली की मी जास्त बोलतो. मी विचारलं, “मग बाई, यातली कला कुठली?”

“यातली?” बाई हसल्या. “जिचा काहीही उपयोग नाही, ती शुद्ध कला, मिस्टर खांबेटे. ती तुमच्या घरात नाहीये. मी पाठवते.”

पाठवते! म्हणजे काय, डबा आहे? पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साहेबांची अँबेसेडर दारात, ड्रायव्हर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आत आला, भिंतीला टेकवलं, चादर ओढली, आणि तो मागं न बघता गेला. मी बघितलं. कल्पनानं बघितलं. आणि आम्ही दोघांनी एकदमच एकमेकांचा हात धरला, लग्नानंतर पहिल्यांदाच हो इतक्या उत्स्फूर्तपणे!

काय होतं म्हणून विचारता? काळं होतं. काळं म्हणजे चिखलाचं काळं, गढूळ, वर खाली आडवे फराटे, जवळजवळ दाराएवढं, आणि त्या काळ्यात मधोमध, थोडं वरच्या बाजूला, दोन पांढरे... डोळे! डोळेच! पापण्या नाहीत, बुबुळं नाहीत, नुसते दोन चौकोनी डोळे, आणि तुम्ही कुठंही जा, ते तुमच्याकडे! मी जेवायला बसलो, ते माझ्या ताटात. मी दाढी केली, ते आरशात. कल्पना म्हणाली, “पाठ करून बसा.” पाठ करून बसलो तर मानेवर! दूधवाला उंबऱ्यावरून आत डोकावला आणि दुसऱ्या दिवसापासून फाटकाबाहेरूनच हाक मारायला लागला.

कारखान्यात आमच्या टूलरूममध्ये दामोदर पेंडसे म्हणून आहे, मला वर्षाने सीनियर. त्याला बाजूला घेऊन म्हटलं, “दामोदर, बाईंनी चित्र दिलंय रे.”

तो म्हणाला, “डोळ्यांचं? आलं का तुझ्याकडे? आधी माझ्याकडे होतं. मग बदलून मला लाल दिलं. अरे, प्रत्येकाकडे एकेक आहे. कपाटामागं ठेवायचं, गाडीचा आवाज आला की टांगायचं. खिळा मात्र पक्का ठोकून ठेव.”

“आणि बाईंनी विचारलं, काय वाटतं, तर?”

“तीन शब्द पाठ कर. लय, अवकाश, ताण. एकदम नाही म्हणायचे. लय म्हणायचं, मग जरा थांबायचं, डोळे बारीक करायचे, मग अवकाश.”

“आणि ताण?”

“तो आपोआप चेहऱ्यावर येतो.”

पाठ केले. आंघोळ करताना लय, बसमध्ये अवकाश, साहेब दिसले की ताण. पण चित्र कपाटामागं जाईना, आमचं कपाटच बुटकं! शेवटी व्हरांड्यात नेऊन तोंड भिंतीकडे करून ठेवलं. तुम्हाला सांगतो, तरी भीती वाटायची. आता ते भिंतीकडे बघत असेल, असं वाटायचं.

तेवढ्यात दसरा आला. कल्पना म्हणाली मैसूरला जाऊ. गेलो, हत्ती पाहिले, दिवे पाहिले, आणि ते दोन डोळे मागं नसल्यामुळं मी इतका पोटभर जेवलो की विचारू नका. परत आलो. बसमधून उतरलो, हातात वळकटी, आणि बघतो तर आमच्या घरासमोर ही गर्दी! सायकलवाले उतरून उभे, भाजीवाली पाटी खाली ठेवून उभी, आणि सगळ्यांच्या माना वर!

मी म्हटलं, झालं, कोणीतरी माडीवरून पडलं. कल्पना म्हणाली, “अहो... वर बघा.”

बघितलं. माडीच्या बांधकामाला बांबूची परांची बांधलेली, आणि परांचीच्या पार वर, सुतळीनं करकचून बांधलेलं... बाईंचं चित्र! शुद्ध कला! मधोमध कुंकवाचा मोठा टिळा. दोन्ही बाजूंना लिंबू-मिरच्या. आणि खाली... खाली एक जुनी चप्पल लोंबत होती हो! चप्पल! साहेबांच्या बाईंच्या चित्राला चप्पल! माझ्या हातातली वळकटी सुटली ती माझ्याच पायावर, आणि ते मला घरात गेल्यावर कळलं.

धावत गोदूबाईंकडे. “अक्का! अक्का, ते वर काय केलंत?”

“काय केलं?” गोदूबाई शांतपणे फणसाचे पापड उलटत होत्या. “दृष्टीगोंबे बांधलं.”

आता हे दृष्टीगोंबे इकडे सगळीकडे असतं. नवीन घर बांधताना लोकांची दृष्ट लागू नये म्हणून राक्षसाचं तोंड, नाहीतर कोहळ्यावर डोळे-मिशा काढून टांगतात. येणाऱ्या-जाणाऱ्याची पहिली नजर त्यावर जावी, घर वाचावं.

“भीमसेनाची भिंत दोनदा पडली की नाही? कोहळा बांधला, तो कुजला. गेल्या आठवड्यात गवंडी पडता पडता वाचला. म्हटलं आता जबरा गोंबे पाहिजे. तर हे व्हरांड्यात पडलेलं दिसलं. अय्यो, काय चंद, काय सुरेख आहे रे! कुठल्या कारागिरानं केलं? मला तर पाणी पाणी झालं बघून. तुम्ही टाकून दिलेलं नव्हे?”

“टाकून नाही हो दिलेलं! ती कला आहे!”

“हो की. मी कुठं नको म्हणायलेय?”

“नाही अक्का, तशी नाही, शुद्ध! म्हणजे जिचा उपयोग नसतो तशी!”

गोदूबाईंनी पापड खाली ठेवला आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला. “मैसूरला उन्हात फिरलास काय?” मग म्हणाल्या, “उपयोग नसता तर बांधलं असतं काय? तीन दिवस झाले, भिंत कशी उभी आहे बघ. आता वरचं काँक्रीट पडेपर्यंत उतरवायचं नाही. अर्ध्यात उतरवलं तर फिरून लागते दृष्ट. माझा एकच मुलगा आहे रे, रोज त्या परांचीवर चढतो.”

आता बोला! एका आईला काय सांगणार? एकीकडे तिचा मुलगा, एकीकडे माझी नोकरी. मला दोन्हीकडून भीती वाटली. मी म्हटलं, काँक्रीट लवकर पडू दे रे देवा, तोवर बाईंना जयनगरचा रस्ता आठवू नये.

आणि शनिवारी दुपारी साहेब स्वतः टूलरूममध्ये आले. अबोल माणूस, पण म्हणाले, “खांबेटे, उद्या सकाळी आम्ही येतोय. मिसेसना बघायचंय, चित्र तुमच्या घरात कसं रुळलंय.”

रुळलंय! साहेब, ते चढलंय हो! पण मी म्हणालो काय, “लय!” साहेबांनी विचारलं, “काय?” मी म्हटलं, “लय... आनंद झाला.”

त्या रात्री झोप कुणाला? कल्पना म्हणाली, “पोतं टाकू वरून.” मी म्हटलं, चित्रावर पोतं? ती म्हणाली, “चपलेपेक्षा बरं.” शेवटी ठरलं, की सकाळी भीमसेन आणि गोदूबाई देवळात जातात, तेवढ्यात मी परांचीवर चढायचं, चित्र सोडवायचं, आत टांगायचं, चहा पाजायचा, निरोप द्यायचा, आणि परत वर बांधायचं. कागदावर सोपं वाटतं. कल्पना म्हणाली, “मी चढू का? तुमचे पाय कापतात.” मी म्हटलं, छे! आणि तुम्हाला सांगतो, का म्हटलं मी छे? का?

चढलो. शिडीवर ठीक होतं. परांचीवर पाऊल ठेवलं आणि बांबू म्हणाला कुर्र... मी थांबलो. परत पाऊल, परत कुर्र! खाली बघू नये म्हणतात म्हणून वर बघितलं, तर तोंडासमोर ते दोन डोळे! जवळून तर आणखीच मोठे! मी डोळे मिटले आणि चाचपडत सुतळी शोधायला लागलो. हाताला लागली चप्पल. एक गाठ सुटली, चित्र एका बाजूनं कललं, ते मी कवटाळलं, आता सोडलं तर चित्र पडणार, धरलं तर मी पडणार, लिंबू नाकात, मिरच्या डोळ्यांत, आणि रस्त्यावर परत सायकलवाले उतरून उभे! त्यातला एक खालून मला कानडीत म्हणाला, “स्वल्प सरळ कर, स्वल्प डावीकडे!” अरे, मी टांगत नाहीये रे बाबा, मीच टांगलोय!

आणि तेवढ्यात... गाडीचा आवाज.

ती अँबेसेडर मी हजार गाड्यांतून ओळखीन. थांबली. दार वाजलं. दुसरं दार वाजलं. आणि मग खालून बाईंचा आवाज, “मिस्टर खांबेटे?”

मी म्हटलं, “नमस्कार.” दुसरं काय म्हणणार?

“तुम्ही वर काय करताय?”

माझ्या डोक्यात तीन शब्द होते हो! इतके दिवस घोटलेले! लय... लय आठवलं, पुढं काय? पुढं सगळं काळं! बाई म्हणाल्या, “आणि माझं चित्र तिथं का आहे? खांबेटे, मी तुम्हाला विचारतेय. खरं सांगा, काय वाटतं तुम्हाला या चित्राबद्दल?”

आणि माझा बांध फुटला. मी त्या परांचीवर, चित्राला मिठी मारून, जयनगरच्या भर रस्त्यात ओरडलो, “भीती वाटते हो बाई! भीती वाटते! पहिल्या दिवसापासून वाटते! जेवताना वाटते, झोपताना वाटते, तोंड फिरवून ठेवलं तरी वाटते! हे डोळे सोडत नाहीत मला!”

बोललो आणि संपलं म्हटलं. गेली नोकरी. मिरजेला परत. वडील दारात उभे राहून विचारणार, का आलास, आणि मी सांगणार, चित्रामुळं.

मग देवळातून परतलेल्या गोदूबाईंचा आवाज आला, “अय्यो! पद्माकरण्णा, हात नको लावू म्हटलं होतं ना! भीमसेना, पळ, त्याला धर!” भीमसेन माकडासारखा वर आला, एका हातानं त्यानं मला धरलं, दुसऱ्या हातानं चित्र परत बांधलं, बघा, आधी चित्र बांधलं, मग मला खाली आणलं!

खाली येऊन बघतो तर वसुमतीबाई विटांच्या ढिगावर बसलेल्या. सिल्कच्या साडीत, विटांवर! साहेब शेजारी उभे, त्यांना हात कुठं ठेवावेत कळेना. मी म्हटलं, “बाई, माफ करा, मला कलेतलं कळत नाही...”

“तुम्हाला खरंच भीती वाटली?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “अजून वाटतेय.”

“किती घरांत फिरलं हे चित्र,” बाई म्हणाल्या. आवाज असा बारीक, नेहमीचा नव्हेच तो. “सगळे म्हणाले सुंदर. एक म्हणाले मनमोहक. एकजण म्हणाले, कमळं छान उमटलीत. मला वाटायला लागलं, मला काढताच येत नाही. मी भीती काढली होती हो. पानशेत फुटलं तेव्हा मी पुण्याला माहेरी होते. आम्ही गच्चीवर. खाली सगळं पाणी, चिखलाचं, काळं. समोरचं घर बुडत बुडत गेलं, शेवटी त्याचे वरचे दोन झरोके तेवढे पाण्याच्या वर. ते दिवसभर माझ्याकडे बघत होते. त्या घरातल्या माणसांना मी ओळखत होते. आणि मी काही करू शकत नव्हते.”

तुम्हाला सांगतो, रस्त्यावर ती एवढी माणसं, त्यांना मराठी कळत नव्हतं, पण एकानं घंटी वाजवली नाही.

साहेब खाकरले. अबोल माणूस. म्हणाले, “वसू, मला कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही पण सुंदर म्हणालात,” बाई म्हणाल्या.

“मला वाटलं, ते दोन कंदील आहेत,” साहेब म्हणाले. आणि खाली बघायला लागले. माझ्या साहेबांना मी पहिल्यांदा घाबरलेलं बघितलं हो! मला वाटायचं, साहेब झाल्यावर भीती जाते.

गोदूबाई बाईंच्या शेजारी विटांवर टेकल्या. “वाचले काय ग त्या घरातले लोक?”

“वाचले. ते मागच्या बाजूनं आधीच गेले होते. मला संध्याकाळी कळलं.”

“बरं झालं.” गोदूबाईंनी वर चित्राकडे पाहिलं. “मला पाणी पाणी झालं बघून, ते यासाठी होय! बाई, तुझं गोंबे भारी आहे ग. असलं कोणी करत नाही आता.”

बाई चटकन सावरल्या, शिक्षण कुठं जातंय! म्हणाल्या, “अक्का, ते गोंबे नाही. ती शुद्ध कला आहे. तिचा काही उपयोग करायचा नसतो.”

“मग काढलंस कशाला?”

“मला वाटलं ते दुसऱ्याला वाटावं म्हणून.”

“वाटलं की याला!” गोदूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. मी अजून कापतच होतो, पुरावा म्हणून उभा! “सगळ्या रस्त्याला वाटायलंय. दूधवाल्याला वाटायलंय. माझ्या मुलाच्या घराकडे कुणी वाईट डोळ्यानं बघायच्या आत थांबायलाय. आणखी काय पाहिजे ग तुला?”

बाईंनी पदर सावरला. मग त्या वर बघत बसल्या. सायकलवाले बघत होते, भाजीवाली बघत होती, एक आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन दाखवत होते आणि नातू आजोबांच्या डोक्यात तोंड लपवून परत एका डोळ्यानं बघत होता. बाई ते सगळं बघत होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “प्रदर्शनात लोक एवढा वेळ थांबत नाहीत.” मग म्हणाल्या, “राहू दे तिथं. काँक्रीट पडेपर्यंत. पण अक्का, ती चप्पल...”

“चप्पल पाहिजे ग.”

“चप्पल नको.”

“लिंबू?”

बाईंनी विचार केला. “लिंबू चालेल. पिवळा रंग बरा दिसतो तिथं.”

“सरी, बरं,” गोदूबाई म्हणाल्या. “भीमसेना, चप्पल सोड.” आणि मग सगळ्यांनी आमच्याकडे चहा घेतला, आणि साहेबांनी दोन शब्द जास्त बोलून आणखी पोहे मागितले.

काँक्रीट पडलं. माडी उभी राहिली. चित्र बाई स्वतः येऊन घेऊन गेल्या, मी कुंकू पुसायला लागलो तर म्हणाल्या असू दे. आता ते त्यांच्या जेवणघरात आहे, साहेबांच्या खुर्चीसमोर. आणि साहेब सुंदर म्हणत नाहीत, मुकाट्यानं जेवतात, असं दामोदर म्हणतो.

मग एका सोमवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी जिन्यावरच अर्धा गेलो होतो. साहेब म्हणाले, “खांबेटे, तुम्ही कायम झालात.” मी आभार मानले. आणि मी निघालो तर म्हणाले, “एक मिनिट. मिसेसचा निरोप आहे. त्यांचं म्हणणं, या सबंध बंगळूरात खरं बोलणारा प्रेक्षक एकच आहे.”

तेव्हापासून दर रविवारी हे! बाई आठवडाभर काढतात, रविवारी गाडी पाठवतात, मला चित्रासमोर उभं करतात आणि माझ्या चेहऱ्याकडे बघतात. मी दचकलो तर चित्र झालं. नाही दचकलो तर पुसायला घेतात! गेल्या खेपेला मला काहीच वाटलं नाही हो, खरंच नाही, हिरवं काहीतरी होतं, बरं वाटलं उलट. बाईंचा चेहरा पडला. साहेब मला दारापर्यंत सोडायला आले, इकडे तिकडे बघितलं, आणि कानात म्हणाले, “खांबेटे, थोडं घाबरत चला. आता त्या जेवायच्या नाहीत.” आता साहेबांनी सांगितलं म्हणून घाबरायचं, की खरं बोलणारा प्रेक्षक म्हणून नाही घाबरायचं? सांगा ना! याचीच मला भीती... थांबा. ऐकलंत? हॉर्न. आली गाडी.

कल्पना, माझी छत्री दे. मंडळी, बसा तुम्ही, चहा घ्या, जाऊ नका... मी जरा घाबरून येतो.